आधी काडतूस, मग रायफल: आफ्रिकेतील मोठ्या बोअरची निवड नवख्याने कशी करावी

आफ्रिकेत केप बफेलो, हत्ती किंवा सिंह यांच्या परवानाधारक शिकारीसाठी पहिल्यांदाच मोठ्या बोअरची, म्हणजे नळीचा आतला व्यास मोठा असलेली, रायफल घेणारा माणूस बहुधा आकडेवारीपासून सुरुवात करतो. गोळीचे वजन, वेग, ऊर्जा आणि खांद्याला बसणारा धक्का यांचे तक्ते तो वाचतो, त्यातून एखादे काडतूस मनात भरते, आणि मग त्या काडतुसाची रायफल शोधली जाते. माझ्या मते सुरुवात आकडेवारीपासून होऊ नये. ज्या देशात रायफल वापरायची आहे तेथे तिचे काडतूस दुकानात मिळते का, कोणत्या प्रकारचे मिळते आणि ते विकत घेण्याचा कायदेशीर हक्क आपल्याला आहे का, हे तीन प्रश्न आधी सोडवावेत. तक्त्यातील पन्नास-शंभर ज्यूलचा फरक जनावराला कळत नाही, परंतु रायफलीचे रिकामे मॅगझिन (काडतुसांचा कप्पा) मात्र शिकाऱ्याला लगेच कळते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर अशा शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही. त्यामुळे पुढील विवेचन दक्षिण आफ्रिका, नामिबिया, झिंबाब्वे, टांझानिया अशा शिकार कायदेशीर असलेल्या देशांपुरते आहे. तेथे स्थायिक झालेले मराठी लोक आणि अमेरिका, युरोप किंवा ऑस्ट्रेलियातून आपली परवानाधारक रायफल घेऊन तेथे जाणारे लोक, या दोघांची गरज सारखी नसते. जेथे फरक पडतो तेथे मी तो सांगेन.

पहिली पायरी: कायद्याची किमान मर्यादा

यांपैकी बहुतेक देशांनी धोकादायक जनावरांसाठी काडतुसाची किमान मर्यादा ठरवलेली आहे, मात्र ती मोजण्याची पद्धत सगळीकडे एकच नाही. टांझानियासारख्या देशात .३७५ इंचाचा बोअरच किमान मानला जातो. नामिबियात मर्यादा ऊर्जेवर आहे: स्प्रिंगबोकसारख्या लहान हरणांसाठी १,३५० ज्यूल, कुडू व ऑरिक्ससारख्या मोठ्या हरणांसाठी २,७०० ज्यूल आणि बफेलो व हत्तीसाठी ५,४०० ज्यूल. झिंबाब्वेत हत्ती, बफेलो व पाणघोडा यांच्यासाठी दोन्ही अटी लागू होतात, म्हणजे गोळीचा व्यास किमान ९.२ मिलिमीटर आणि ऊर्जा किमान ५,३०० ज्यूल.

हे आकडे वाचून सोडून देण्याजोगे नाहीत, कारण याच ठिकाणी अनेकांची निवड चुकते. स्वतः हिशेब करून पाहावा: गोळीचे वजन किलोग्रॅममध्ये घ्यावे, त्याला वेगाच्या वर्गाने गुणावे आणि निम्मे करावे. .३७५ हॉलंड अँड हॉलंडची प्रमाण गोळी ३०० ग्रेनची, म्हणजे सुमारे १९.४४ ग्रॅमची असते. ती सेकंदाला ७७० मीटर वेगाने निघाली तर ऊर्जा सुमारे ५,७६० ज्यूल भरते आणि दोन्ही देशांची अट आरामात पूर्ण होते. तीच गोळी आखूड नळीतून किंवा सौम्य भरलेल्या काडतुसातून ७४० मीटर वेगाने निघाली, तर ऊर्जा ५,३२० ज्यूलच्या आसपास येते. झिंबाब्वेची अट जेमतेम पूर्ण होते आणि नामिबियाची होत नाही. ९.३×६२ माऊझरची २८६ ग्रेनची गोळी ७२० मीटर वेगाने सुमारे ४,८०० ज्यूल देते, त्यामुळे झिंबाब्वेच्या व्यासाच्या अटीत बसूनही हे काडतूस त्याच्या नेहमीच्या भरणीत (दारू आणि गोळीच्या नेहमीच्या मापात) बफेलोसाठी अपुरे ठरते. दुकानात ते सहज मिळते म्हणून घेतले आणि नंतर परवान्याच्या वेळी हा आकडा समोर आला, असे होऊ देऊ नये.

कायदे बदलतात, हेही ध्यानात ठेवावे. केनियाने १९७७ मध्ये शिकार पूर्णपणे बंद केली. बोट्स्वानाने २०१४ मध्ये ती थांबवली आणि २०१९ मध्ये पुन्हा सुरू केली. म्हणून ज्या हंगामात जायचे आहे त्या हंगामातील नियम आपल्या व्यावसायिक शिकाऱ्याकडून, ज्याला तिकडे सगळे ‘पीएच’ म्हणतात, लेखी मागवून घ्यावेत.

दुसरी पायरी: दुकानाच्या फळीवर काय आहे ते पाहणे

‘हे काडतूस मिळते का?’ या प्रश्नाला दुकानदार जवळजवळ नेहमीच ‘मिळते’ असे उत्तर देतो, कारण मागवून देण्याची त्याची तयारी असते. नेमका प्रश्न असा विचारावा: ‘आज फळीवर किती डबे आहेत, कोणत्या कंपनीचे आहेत, आणि मागचा माल कधी आला होता?’ प्रिटोरिया किंवा विंडहुकसारख्या शहरातील दोन-तीन दुकानांत हा प्रश्न विचारला की चित्र स्पष्ट होते. शक्य असल्यास, ज्या भागात शिकार आहे त्याच्या जवळच्या लहान गावातील दुकानातही विचारावे. तेथे शेतकऱ्यांच्या रोजच्या गरजेची .३०८ आणि .३०-०६ ची काडतुसे मिळतील, आणि मोठ्या बोअरमध्ये काही असलेच तर ते बहुधा .३७५ हॉलंड असेल.

डबा हातात घेऊन त्यावरील मजकूर नीट वाचावा. एकाच बोअरच्या दोन डब्यांत अगदी वेगळ्या कामाची काडतुसे असू शकतात. एका डब्यात ‘सॉफ्ट’ असते, म्हणजे शरीरात शिरल्यावर फुलणारी गोळी; दुसऱ्यात ‘सॉलिड’ असते, म्हणजे न फुलता, आकार न बदलता सरळ आत जाणारी गोळी. बफेलोवर पहिली गोळी चांगल्या प्रतीची सॉफ्ट आणि त्यामागच्या सॉलिड, असा प्रघात अनेक पीएच पाळतात. हत्तीच्या मस्तकासाठी तर सॉलिडच लागते. दुकानांत सॉफ्टचे डबे असतात आणि सॉलिडचे नसतात, हा अनुभव फार सामान्य आहे, कारण साध्या हरणांसाठी .३७५ वापरणाऱ्या गिऱ्हाईकाला सॉलिड कधीच लागत नाही. तेव्हा उपलब्धतेची चौकशी नेहमी दोन वेळा करावी, एकदा सॉफ्टसाठी आणि एकदा सॉलिडसाठी. नुसते बोअरचे नाव घेऊन केलेली चौकशी अर्धवट राहते.

डब्याच्या झाकणाच्या आतल्या घडीवर किंवा बुडाशी लॉट क्रमांक छापलेला असतो. एका लॉटची काडतुसे एकाच दारूने, एकाच वेळी भरलेली असल्याने ती निशाण्यावर जवळजवळ एकाच ठिकाणी लागतात. चार दुकानांतून चार लॉटचे पाच-पाच डबे जमवण्यापेक्षा एकाच लॉटचे कमी डबे घेतलेले बरे.

दक्षिण आफ्रिकेत दुकानदार कोणालाही काडतूस विकू शकत नाही. २००० च्या फायरआर्म्स कंट्रोल अॅक्टनुसार ज्या शस्त्राचा परवाना आपल्याकडे आहे त्याचेच काडतूस घेता येते, आणि सामान्य परवानाधारकाला प्रत्येक शस्त्रामागे २०० पर्यंत काडतुसे बाळगता येतात. ‘समर्पित शिकारी’ म्हणून मान्यता मिळालेल्या व्यक्तीला ही मर्यादा लागू होत नाही. पाहुण्या शिकाऱ्याला दुकानात आपला तात्पुरता आयात परवाना दाखवावा लागतो, आणि त्यावर जो बोअर लिहिला आहे त्याचीच काडतुसे मिळतात. म्हणजे स्वतःची .४१६ रिग्बी घेऊन आलेल्या माणसाला, रिग्बीची काडतुसे संपली म्हणून .३७५ ची विकत घेता येत नाहीत, मग पीएचने त्याला .३७५ ची रायफल उसनी देऊ केलेली असली तरी. अशा वेळी काडतुसांची सोयही कॅम्पच्या मालकालाच करावी लागते.

तिसरी पायरी: उमेदवार

*.३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम.* लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने ते १९१२ मध्ये आणले, आणि आजही उपलब्धतेच्या कसोटीवर आफ्रिकेत त्याला तोड नाही. त्याचे कारण कागदावरच्या गुणांपेक्षा व्यवहारात अधिक आहे. बहुतेक देशांच्या किमान मर्यादेत ते बसते, इम्पालापासून हत्तीपर्यंत सगळ्यासाठी चालते, त्यामुळे कॅम्पमध्ये भाड्याने द्यायची रायफल बहुधा याच बोअरची असते, आणि म्हणून दुकानदारालाही त्याचा साठा ठेवणे परवडते. फेडरल, हॉर्नाडी, नॉर्मा, सेलिए अँड बेलो अशा अनेक कंपन्या ते बनवतात. एकीचा माल आला नाही तर दुसरीचा येतो. दक्षिण आफ्रिकेची स्वतःची प्रिटोरिया मेटल प्रेसिंग्ज ही डेनेल या सरकारी कंपनीची शाखा आहे, पण डेनेलच्या आर्थिक अडचणींच्या काळात स्थानिक मालाची आवक अनियमित झाली, तेव्हा आयात केलेले काडतूस असणाऱ्या बोअरचे फारसे अडले नाही. एकाच कारखान्यावर अवलंबून असलेले काडतूस कितीही स्वस्त असले, तरी ते घेण्याआधी दोनदा विचार करावा.

धक्क्याच्या दृष्टीनेही ते नवख्याला झेपते. .३०-०६ चा धक्का साधारण २० फूट-पाउंड धरला तर .३७५ चा त्याच्या दुपटीच्या जवळ जातो आणि .४५८ लॉटचा (हे पुढे येणाऱ्या एका काडतुसाचे नाव आहे, मालाचा लॉट नव्हे) तिपटीच्याही पुढे. ज्याला दर आठवड्याला सरावाला जाता येत नाही, त्याने हा आकडा गंभीरपणे घ्यावा.

*९.३×६२ माऊझर.* बर्लिनचे बंदूककार ऑटो बॉक यांनी १९०५ मध्ये ते आणले आणि साध्या माऊझर ९८ रायफलीच्या यंत्रणेत बसत असल्यामुळे आफ्रिकेतील जर्मन वसाहतींत, म्हणजे आजच्या नामिबियात आणि टांझानियात, ते पसरले. नामिबियाच्या दुकानांत ते अजूनही सहज दिसते. ईलँड आणि कुडूसाठी उत्तम, धक्का सुखद, रायफल हलकी. नामिबियात केवळ ऊर्जेची अट आडवी येते. ज्याला मुख्यतः हरणांची शिकार करायची आहे आणि बफेलो ‘कधीतरी’ करायचा आहे, त्याने हेच घ्यावे आणि त्या ‘कधीतरी’साठी कॅम्पची .३७५ भाड्याने घ्यावी, असे मी निःसंकोच सांगेन.

*.४१६ कुटुंब.* येथे सावध राहावे लागते. .४१६ रिग्बी १९११ चे, .४१६ रेमिंग्टन मॅग्नम १९८० च्या दशकाच्या अखेरीचे आणि .४१६ रुगर २००८ चे. तिन्हींत गोळी त्याच व्यासाची बसते, साधारण ४०० ग्रेनची गोळी तिन्ही जवळपास सारख्याच वेगाने फेकतात, पण एकाचे काडतूस दुसऱ्याच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसण्याच्या जागेत, घालता येत नाही. रिग्बीची खोळ, म्हणजे दारू मावणारा काडतुसाचा पितळी भाग, मुद्दाम मोठी ठेवलेली आहे. त्या काळची कॉर्डाइट दारू उष्णतेत चेंबरमधील वायूचा दाब वाढवत असे, आणि मोठ्या खोळीमुळे आफ्रिकेच्या उन्हातही दाब आटोक्यात राहत असे. आजही युरोपीय मानकात तिचा कमाल दाब ३,२५० बार इतका माफक आहे. रेमिंग्टनचे काडतूस तेवढेच काम लहान खोळीत, बऱ्याच जास्त दाबाने करते. त्यामुळे रायफल सुटसुटीत आणि स्वस्त होते, पण डब्यात उन्हात तापलेल्या काडतुसांच्या खोळी चेंबरमध्ये अडकल्याच्या तक्रारी सुरुवातीच्या काळात ऐकू येत असत. उपलब्धतेत आफ्रिकेत रिग्बी आणि रेमिंग्टन यांच्यात देशानुसार फरक पडतो; रुगर अमेरिकेबाहेर दुर्मीळच. माझा कौल रिग्बीकडे झुकतो, तरी आपल्या शहरात रेमिंग्टनचे डबे अधिक असतील तर त्या कौलाला काही अर्थ नाही.

*.४५८ विंचेस्टर आणि .४५८ लॉट.* विंचेस्टरचे .४५८ हे १९५६ मध्ये आले ते नेमके योग्य वेळी. १९६० च्या दशकात ब्रिटनच्या कायनॉक या काडतूस कंपनीने जुन्या ब्रिटिश मोठ्या बोअरची काडतुसे हळूहळू बनवणे थांबवले, आणि पूर्व आफ्रिकेतील अनेक शिकाऱ्यांच्या हातात उत्तम रायफली उरल्या, पण त्यात घालायला काडतुसे उरली नाहीत. .४५८ विंचेस्टर त्या जागी बसले आणि अनेक वन्यजीव खात्यांनी ते स्वीकारले. त्याची अडचण अशी की लहान खोळीत ५०० ग्रेनची गोळी आणि पुरेशी दारू बसवण्यासाठी दारू दाबून भरावी लागे, आणि जुन्या काही भरण्यांत ती गोठून वेग घटत असे. या अडचणीवर जॅक लॉट यांनी खोळ लांब करून .४५८ लॉट तयार केले. उपलब्धतेच्या दृष्टीने लॉटचा एक मोठा फायदा असा की लॉटच्या चेंबरमध्ये .४५८ विंचेस्टरचे काडतूस सुरक्षितपणे उडवता येते. लॉटचे डबे संपले तर विंचेस्टरचे शोधावेत. उलटे मात्र चालत नाही, लॉटचे लांब काडतूस विंचेस्टरच्या चेंबरमध्ये बसत नाही आणि जबरदस्तीने बसवण्याचा प्रयत्नही करू नये. याच धर्तीवर .३७५ वेदरबी मॅग्नमच्या चेंबरमध्ये .३७५ हॉलंडचे काडतूस चालते. अशी ‘दोन फळ्यांवरची’ रायफल घेणे हा मला शहाणपणाचा मार्ग वाटतो.

*.४०४ जेफ्री.* विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे हे काडतूस ब्रिटिश वसाहतींच्या वन्यजीव खात्यांत फार वापरले गेले, आणि त्यामुळे दक्षिण व मध्य आफ्रिकेत त्याच्या रायफली आजही हातोहात फिरतात. खांद्याला ते .४१६ पेक्षा मऊ लागते. मात्र त्याची गोळी .४२३ इंच व्यासाची आहे; .४१६ ची गोळी त्यात चालत नाही, आणि तिचे पर्यायही कमी आहेत. जुनी रायफल स्वस्तात मिळाली म्हणून हुरळून जाण्याआधी गोळ्यांची आणि खोळींची सोय पाहावी.

*.४७० आणि दुनळी रायफली.* दुनळी रायफलीचे आकर्षण समजण्यासारखे आहे, पण नवख्याने पहिली रायफल म्हणून ती घेऊ नये असे माझे मत आहे. तिच्या दोन्ही नळ्या एका ठरावीक वजनाच्या, ठरावीक वेगाच्या काडतुसासाठी जुळवलेल्या असतात. दुसऱ्या कंपनीचे काडतूस घातले की दोन्ही नळ्यांच्या गोळ्या वेगवेगळ्या ठिकाणी लागू शकतात. म्हणजे येथे नुसते बोअरचे नाव जुळून भागत नाही, विशिष्ट भरणीच मिळाली पाहिजे. तरीही घ्यायचीच असेल तर .४७० नायट्रो एक्स्प्रेस घ्यावी, कारण ब्रिटिश दुनळी बोअरपैकी तिचेच काडतूस सर्वांत जास्त कंपन्या बनवतात.

.४७० इतकी प्रचलित होण्यामागे एक भारतीय कारण आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने भारत आणि सुदान येथे .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी घातली, कारण बंडखोरांच्या हातात असलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींत त्या बोअरच्या गोळ्या वापरल्या जातील अशी भीती होती. .४५० नायट्रो एक्स्प्रेस हे तोपर्यंत हत्तीसाठीचे आघाडीचे काडतूस होते. भारतातील श्रीमंत गिऱ्हाईक गमावायचे नाही म्हणून लंडनच्या बंदूककारांनी भराभर .४६५, .४७०, .४७५ आणि .४७६ अशी नवी काडतुसे काढली, आणि त्यांतली .४७० आफ्रिकेतही टिकली. एका देशाच्या कायद्याने दुसऱ्या खंडातील दुकानाची फळी कशी बदलते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

चौथी पायरी: पूर्ण नाव आणि काडतुसाचे बूड

काडतूस मागताना नेहमी पूर्ण नाव सांगावे. .३७५ हॉलंडच्या दोन जाती आहेत: बोल्ट (हाताने खटका मागे-पुढे ओढण्याच्या) रायफलीसाठी पट्ट्याची, जिच्या बुडाशी खोळीला उंचवट्याचा एक पट्टा असतो, आणि दुनळीसाठी कडेची (बुडाला बाहेर आलेली कड असलेली), जिला ‘फ्लँज्ड’ म्हणतात. दोन्ही डब्यांवर .३७५ असे मोठ्या अक्षरांत आणि उरलेले बारीक अक्षरांत असते. ९.३×६२ आणि ९.३×७४आर यांचीही अशीच गल्लत होते; दुसरे काडतूस लांब आणि कडेचे असते. .४५०/४०० च्या तर खोळीच्या लांबीनुसार वेगवेगळ्या जाती आहेत.

एक काडतूस काढून त्याचे बूड उजेडात पाहावे. मधोमध प्राइमरची, म्हणजे दारू पेटवणारी, गोल टोपी असते आणि तिच्याभोवती पितळेवर कंपनीचे नाव व बोअर कोरलेले असते. विमानतळावरील पोलीस अधिकारी हेच कोरलेले नाव, रायफलीच्या नळीवरचा शिक्का आणि परवान्यावरील नोंद या तीन गोष्टी ताडून पाहतो. दुसऱ्या काडतुसाच्या खोळीला आकार देऊन बनवलेल्या, ज्यांच्या बुडावर वेगळेच नाव आहे अशा ‘वाइल्डकॅट’ काडतुसांची रायफल परदेशी नेण्याचा विचारही करू नये. दुकानात तिचे काडतूस नसतेच, आणि विमानतळावर ते समजावून सांगताना अख्खा दिवस जातो.

जुन्या कायनॉक डब्यांबद्दलही येथेच सांगतो. कधीकधी एखाद्या घरात किंवा लिलावात ते सापडतात आणि ते वापरण्याचा मोह होतो. कॉर्डाइट भरलेली, दशकानुदशके कोणत्या हवेत पडून होती हे माहीत नसलेली काडतुसे संग्राहकाला द्यावीत. धोकादायक जनावरासमोर ती उशिरा पेटली किंवा पेटलीच नाहीत तर दुसरी संधी मिळेलच असे नाही.

पाचवी पायरी: प्रवास करणाऱ्यासाठी वजनाचा हिशेब

विमानाने जाणाऱ्याची काडतुसे बहुतेक विमान कंपन्या एका प्रवाशामागे ५ किलोग्रॅमपर्यंत, पेटीसह, फक्त चेक-इन सामानात आणि घट्ट बांधलेल्या स्थितीत नेऊ देतात. .३७५ हॉलंडचे एक काडतूस साधारण ४० ते ४२ ग्रॅमचे भरते, .४७० चे ६० ग्रॅमच्या वर. पेटीचे वजन वजा केले तर .३७५ ची सुमारे शंभर आणि .४७० ची सत्तरच्या आसपास काडतुसे बसतात. एका सहलीत प्रत्यक्ष जनावरावर फारच थोड्या गोळ्या झाडल्या जातात, तरी पोहोचल्यावर निशाणा तपासण्यासाठी, सॉफ्ट आणि सॉलिड दोन्हींसाठी, काही राखून ठेवाव्या लागतात. त्यामुळे शंभर पुरतात. सत्तरही पुरतात, पण हात आखडून.

अनेक विमान कंपन्या काडतुसांची पेटी रायफलीपासून वेगळी मागतात, आणि म्हणून दोन्ही वेगवेगळ्या विमानांनी पोहोचणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. रायफल जोहान्सबर्गला उतरते आणि काडतुसे युरोपातल्या कुठल्यातरी बदलाच्या विमानतळावर राहतात. अशा वेळी .३७५ असणारा माणूस दुसऱ्या दिवशी दुकानातून दोन डबे घेऊन कॅम्पला निघतो, आणि .५०० जेफ्री किंवा .५०५ गिब्ज असणारा माणूस फोन करत बसतो.

दक्षिण आफ्रिकेसाठी तात्पुरत्या आयातीचा अर्ज एसएपीएस (दक्षिण आफ्रिकी पोलीस सेवा) ५२० या क्रमांकाचा असतो. तो आधीच भरून, परंतु सही न करता न्यावा आणि अधिकाऱ्यासमोर सही करावी, असे बहुतेक अनुभवी लोक सांगतात. एकाच प्रवासात एकाच बोअरच्या दोन रायफली नेऊ नयेत, आणि प्रत्येक शस्त्रामागे काडतुसांची मर्यादा तेथेही २०० चीच आहे. मोठ्या बोअरच्या जोडीला हरणांसाठी हलकी रायफल न्यायची असेल, तर ५ किलोग्रॅमची मर्यादा दोन्हींत वाटली जाते हे विसरू नये. अशा वेळी हलकी रायफल .३०८ किंवा .३०-०६ असणे सोयीचे, कारण तिची काडतुसे न नेता तेथेच घेता येतात आणि सगळे वजन मोठ्या बोअरला देता येते.

सहावी पायरी: तेथेच राहणाऱ्यासाठी काडतूस भरणे

दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या शिकाऱ्यांपैकी बरेच जण स्वतः काडतुसे भरतात, आणि मोठ्या बोअरमध्ये तर खर्चाच्या दृष्टीनेही ते परवडते. मात्र उपलब्धतेचा प्रश्न त्याने संपत नाही, तो एका डब्यातून चार डब्यांत विभागला जातो: खोळ, प्राइमर, दारू आणि गोळी. दारूसाठी तिथले लोक मुख्यतः सोमकेम या स्थानिक उत्पादनावर अवलंबून असतात, आणि एखादा प्रकार महिनोन् महिने मिळेनासा होतो. गोळ्यांच्या बाबतीत दक्षिण आफ्रिका सुदैवी आहे. ऱ्हायनो, पेरेग्रिन यांसारखे तिथलेच उत्पादक .३७५, .४१६ आणि .४५८ व्यासांत उत्तम गोळ्या बनवतात. खोळ हीच खरी अडचण. .३७५ आणि .४५८ च्या खोळी मिळत राहतात, पण रिग्बीची आणि .४०४ ची एकेक खोळ जपून ठेवावी लागते. म्हणून अशी रायफल घेतली की पहिल्याच वर्षी कोऱ्या खोळींचा पुरेसा साठा करून ठेवावा, रायफलीच्या दुर्बिणीवर खर्च करण्याआधी.

भरणीची माप-प्रमाणे फक्त दारू बनवणाऱ्या कंपनीच्या छापील तक्त्यातूनच घ्यावीत आणि खालच्या टोकापासून सुरुवात करावी. ओळखीच्या माणसाने तोंडी सांगितलेली भरणी, तो कितीही अनुभवी असला तरी, वापरू नये. त्याची रायफल वेगळी, चेंबर वेगळे.

सातवी पायरी: घेण्याआधीची चाचणी

येथपर्यंत आल्यावर बहुतेकांची यादी दोन काडतुसांवर येऊन थांबते आणि निर्णय खांद्यावर सोपवता येतो. दोन्ही बोअरच्या रायफली कुणाकडून तरी मागून, उभे राहून, हाताने किंवा तीन बांबूंच्या तिकाटण्यावरून झाडून पाहाव्यात. टेबलावर वाळूच्या पिशवीला टेकून मोठ्या बोअरची रायफल वारंवार झाडू नये. तशा स्थितीत शरीराला मागे सरकायला जागा नसल्यामुळे धक्का कितीतरी जास्त बसतो आणि मनात जी धास्ती भरते ती नंतर निघत नाही. तीन गोळ्यांनंतर चौथी झाडताना डोळे मिटत असतील तर तो बोअर सध्या आपला नव्हे.

रायफल ठरून तिचा परवाना हाती आल्यावर, ताबा घेण्याआधीच त्याच दुकानातून एका लॉटचे सॉफ्टचे आणि जमल्यास त्याच कंपनीच्या सॉलिडचे डबे घ्यावेत. पन्नास मीटरवर सॉफ्टने निशाणा जुळवावा, मग काहीही न हलवता सॉलिडच्या तीन गोळ्या झाडाव्यात. दोन्हींचे गट हाताच्या तळव्याएवढ्या जागेत आले तर बफेलोसाठी ते पुरेसे आहे. सॉलिड चार-पाच इंच दूर लागत असतील तर दुसऱ्या कंपनीचे सॉलिड शोधावे लागते, आणि म्हणून विकत घेतलेल्या डब्यांपैकी एक-दोन न फोडता, पावतीसह बाजूला ठेवावेत. न फोडलेला डबा परत घ्यायला दुकानदार तयार आहे का, हे पैसे देण्याआधीच विचारून ठेवावे.